सातवी प्रदक्षिणा

वसंताच्या व्हॅनमध्ये रोज किती जणी बसतात ते मी मोजायचे. आवडी या तमिळ उपनगरातल्या आमच्या वसाहतीत पिंपळाखाली पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, आणि नागाचे दगड आहेत. तिथे सकाळी माझ्या अकरा प्रदक्षिणा असतात, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मौन. वसंता व्हॅन त्याच पाराशेजारी लावते. त्यामुळे मोजणं आपोआप होतं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

आधी या बायका आमच्या ह्यांच्या व्हॅननं अंबत्तूरला कामावर जायच्या. दोन वर्षांपूर्वी वसंता आली. तंजावरकडची, जुनं मराठी बोलणारी, दर वाक्याला 'सेरी', म्हणजे 'बरं', म्हणणारी. एकेक करून सगळ्या तिच्याकडे गेल्या, आणि शेवटी माझी सून रुचिराही. वसंताअक्का सगळ्यांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी हलवत नाहीत, चालवताना फोन उचलत नाहीत, आणि बाबांनी ब्रेक मारला की मांडीवरचा डबा खाली जातो, असं तिनं हसत हसत सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

ह्यांचा पाय ब्रेकवर जड, पण टायरांची निगा राखावी ती ह्यांनीच. रोज पहाटे, गाडी थंड असतानाच हवा तपासायची. गाडी पळून आली की टायर तापतात आणि आकडा फसवा येतो. मी बॅटरी धरते. बाहेरून सगळेच बघतात, आतली बाजू बघ, हे मी वीस वर्षं ऐकते आहे.

त्या गुरुवारी हे जवळजवळ रिकामी व्हॅन घेऊन निघून गेले होते. पहिल्याच फेरीत ओंजळीतलं फूल पडलं म्हणून मी वाकले. वसंतानं चाकं पुरी वळवून गाडी लावली होती, त्यामुळे पुढच्या डाव्या टायरची आतली बाजू समोर आली. तिथे लिंबाएवढा फुगवटा होता.

तो काय असतो ते मला ठाऊक होतं. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटतात, हवा तिथे जोर धरते आणि वेगात टायर फुटतो.

माझं मौन होतं. हातानं खूण करता आली असती, तीही मी केली नाही. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. हेमलता आली, चारुलता आली, आणखी तिघी आल्या. पाच. वसंतानं गजरा नीट केला, एकेकीचा पट्टा ओढून पाहिला. रुचिरा आज घरूनच काम करणार होती. ते मला नेमकं तेव्हा आठवलं, आणि का आठवलं तेही मला कळलं.

पावलं नेहमीपेक्षा हळू पडत होती. ती मीच हळू टाकत होते. अकरा फेऱ्या होईपर्यंत गाडी गेलेली असेल, नेमही मोडणार नाही आणि माझ्याकडे बोट दाखवायला कुणी नसेल.

सातव्या फेरीला इंजिन सुरू झालं. मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

"वसंता, गाडी बंद कर. पुढचा डावा टायर आतून फुगलाय."

"मावशी, या वेळी मौन असतं ना तुमचं?" हेमलतानं खिडकीतून विचारलं. मग शेजारणीला हळूच म्हणाली, "गाडी भरलेली दिसली की पोटात दुखतं यांच्या."

मला ऐकू आलं.

वसंता उतरली. चाकं आता सरळ झाली होती. बाहेरून टायर काळाभोर, चकचकीत. तिनं त्यावर पाय दाबून पाहिला.

"महिन्यामागं घातलेला नवा टायर हा, अक्का. मी रोज पुसते. मला दिसलं नाही ते तुम्हाला कसं दिसलं?"

पाचही जणी ऐकत होत्या. मला सांगता आलं असतं की देवानं दाखवलं. त्यांनी मानही डोलावली असती आणि गाडी निघून गेली असती.

"मी तुझ्या गाडीकडे रोज बघते म्हणून," मी म्हणाले. "कोण बसली, किती बसल्या ते मोजते. जळते मी तुझ्यावर. आज तर हे दिसल्यावरही सहा फेऱ्या गप्प राहिले. पण तू एकदा आत हात घाल."

ती गुडघ्यावर बसली आणि तिनं टायरच्या मागे हात नेला. थोडा वेळ तो तिथेच राहिला. बाहेर आला तेव्हा बोटं काळी होती.

"उतरा सगळ्या," ती म्हणाली.

स्टेपनीची हवा आधी तपासून तिनं जॅक लावला. मी नटबोल्ट पदरात धरले. बायका सावलीत उभ्या राहून फोनवर उशीर होणार असल्याचं कळवत होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. शेवटचा नट आवळून झाल्यावर वसंता मान वर न करता बोलली.

"सहा फेऱ्या, अक्का?"

"हो."

"सेरी. उद्यापासून आधी टायर बघा, मग तोंड मिटा."

माफ केलं की नाही ते काही कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

गडबड ऐकून रुचिरा कॉफी घेऊन खाली आली. वसंताचे हात काळे झालेले बघून तिनं पेला स्वतःच तिच्या ओठांशी धरला. असं माझ्यासाठी तिनं कधी केलं नव्हतं. माझी पूजा व्हायची होती, मी कॉफी घेतलीच नसती. तरी तिनं पेले किती आणलेत ते मी पाहिलं. दोनच होते, एक वसंताचा, एक तिचा.