दाराकडची बाजू

वीरण्णानं जीपच्या किल्लीनं डब्यावर टकटक केलं. मग त्याच्यावरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली होती.

"बघ काशाप्पा, पावडर निघायलीय. रविवारी चारला हैदराबादची पार्टी येणार हाय. शेतात रिसॉर्ट काढायलेत ते लोक. डबा त्यांना नवा दिसाय पायजे. व्हतंय का?"

"व्हतंय," मी म्हणालो.

"हुमनाबादचा पेंटर तर रंगच मारून देतो म्हणलाय."

"रंग मारला की पार्टीला लगेच कळतंय, अण्णा. जुनं झाकलंय म्हणतील. घासून आतली चमक वर काढाय लागती."

"मग काढ की. तुला कुणी धरलंय?"

आपल्याच बोलण्यावर तो हसला. माझ्या शेडाशेजारच्या शिवम्माच्या हॉटेलात चहा पिऊन चिटगुप्प्याला निघून गेला. नाव तो विचारून आला होता, पण मी कोण ते त्यानं ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं. मी मात्र त्याला चार वर्षं ओळखत होतो.

तो डबा म्हणजे गाडीच्या मागं जोडून ओढायचं फायबरचं घर. दोन चाकं, दोन खिडक्या, आत झोपायला फळी. हायवे रुंद करायचं काम निघालं तेव्हा कंपनीनं तो साहेबाला राहायला आणला होता. मन्नाएखेळ्ळीजवळ कॅम्प पडला होता, शिवम्माच्या हॉटेलासमोरच. वीरण्णा त्या कामाला मजूर पुरवायचा. माझी बायको राजूबाई त्याच्याच हाताखाली होती. डबा रोज धुणं हे तिचं काम. मी तेव्हा हैदराबादला कारखान्यात होतो. दोन हजार सहाच्या चैत्रात ती गेली. त्यानंतर मी परत गेलो नाही. शिवम्माच्या हॉटेलाशेजारी पत्र्याचं शेड टाकलं आणि लॉऱ्यांच्या केबिनला पॉलिश करत बसलो. वीरण्णा कामाबरोबर विजापूरकडं गेला होता. कधीतरी तो याच रस्त्यानं येणार, हे मला ठाऊक होतं. काम संपल्यावर कंपनीकडून डबा त्यानंच विकत घेतला होता; तो घेऊनच येईल असं वाटलं नव्हतं.

काय करायचं ते मी त्याच दिवशी ठरवलं. फायबरवर नखाएवढा पातळ थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. चमक असते ती त्यातच. घासायचं मशीन जोरात धरून तो थर उडवला तर आतले धागे उघडे पडतात. वरून मेण चढवलं की महिनाभर कुणाला कळत नाही. पाऊस लागला की धागे पाणी पितात, फुगतात, आणि डबा कुजल्या दोरखंडासारखा उसवत जातो. मी वीरण्णाचा डबा असा मारणार होतो. पार्टी त्याच्या दारात येऊन भांडली असती, गावभर झालं असतं. त्याहून मोठं काही करायची माझी ऐपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा धुवायला घेतला. मागची बाजू धुतली, पुढची धुतली, खिडकीकडची धुतली. तिन्ही बाजू उन्हानं विटल्या होत्या, बाकी काही नव्हतं. मग दाराकडच्या बाजूवर पाणी मारलं. धूळ वाहून गेली आणि खाली ओरखडे दिसले.

गोल ओरखडे होते. उजव्या हातानं परात घासताना उमटतात तसे. एकावर एक, शेकड्यांनी, खालपासून माझ्या गळ्याच्या उंचीपर्यंत. राजूबाई माझ्या गळ्याला लागायची. त्याच्या वर तीन-चार लांब रेघा होत्या, टाचा उचलून काढलेल्या. तिथं हात नीट पुरला नव्हता.

मी पाइप खाली टाकला आणि शेडात जाऊन बसलो.

ती जायच्या थोडं आधी तिचा फोन आला होता. ती मुडबीच्या एसटीडी बूथवरून दर रविवारी फोन करायची. म्हणाली, "अवं, ह्या डब्याला लय राप बसलाय. डांबराचं शिंतोडं उडल्यात. कशानं निघंल?" कारखान्याच्या फोनपाशी माझ्यामागं लाईन लागली होती. मी म्हणालो, "भांडं घासतीस तसं घास, निघंल." डबा कशाचा आहे ते मी विचारलं नाही. मी फायबरच्याच कारखान्यात होतो. दिवसभर मी दुसऱ्यांना सांगायचो की फायबरला खरखरीत काही लावू नका.

तिनं राख घेतली, विटकर कुटून घेतली, काथ्याचा बोळा घेतला. आमच्याकडं पितळ असंच लखलखीत करतात. डांबर निघालं, पण चमकही निघाली. साहेबानं वीरण्णाला विचारलं. वीरण्णानं तिला सगळ्या मजुरांसमोर डब्यापुढं उभं केलं आणि म्हणाला, "तूच घालवलीस ना? आता तूच आण. चमक येईस्तोवर हलायचं न्हाई." सकाळी दहाला सुरुवात केली. तिला वाटलं कमी घासल्यामुळं चमक येईना, म्हणून ती आणखी विटकर घेत गेली. दिवस मावळेपर्यंत ती घासत होती. लोक जाता-येता हसत होते. तिसऱ्या दिवशी बिदरच्या दवाखान्यात ती वारली. ऊन लागलं, असं कागदावर लिहिलं होतं.

हे सगळं मला शिवम्मानं सांगितलं. तिनं हॉटेलातून पाहिलं होतं.

आता माझी अडचण झाली. डबा मारायचा तरी घासावाच लागणार होता, चमकवायचा तरी घासावाच लागणार होता. दोन्हीत ते ओरखडे जाणार. घरी तिचं एक लुगडं होतं आणि रेशनकार्डावर तिचं नाव. तिच्या हातचं असं दुसरं काही माझ्याकडं नव्हतं.

दुपारी शिवम्मा चहा घेऊन आली. दाराकडच्या बाजूपुढं थांबली. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो तोच डबा व्हय, काशाप्पा?"

"तोच."

"आन तू ह्याला चमक आणायलास?"

"तीन बाजूंना आणायलोय."

"आन चौथी?"

"चौथी ज्यानं घासाय लावली, तो घासंल."

ती रिकामा कप घेऊन गेली.

मग मी तीन बाजू अशा केल्या की आयुष्यात तसं काम केलं नव्हतं. आठशे नंबरचा घासायचा पेपर पाण्यात भिजवून हातानं, मग हजार, मग दोन हजार. मग मशीननं रबिंगची पेस्ट, मग मेण. मशीन एका जागी थांबू दिलं नाही. कोपऱ्यांना थर पातळ असतो, तिथं मशीन लावलंच नाही. काम चांगलं व्हावं म्हणून नव्हे. तिन्ही बाजू आरशासारख्या झाल्या की चौथी उघडी पडणार होती. पार्टीला पहिल्यांदा दारच दिसणार होतं.

रविवारी दीड वाजता वीरण्णा आला. ड्रायव्हर लग्नाला गेला होता म्हणून जीप स्वतः चालवत आला होता. पांढरा शर्ट, पांढरी लुंगी. डब्याला फेरी मारताना पहिल्यांदा खूश झाला. "क्या बात है," म्हणाला. मग दारापुढं आला.

"हे कामून राहिलं रे?"

"करंट गेलाय सकाळधरनं. मशीन चालंना."

"मग हातानं कर."

"माझा खांदा भरलाय, अण्णा. हात वर जाईना."

"अरं, चारला पार्टी येणार हाय माझी."

"तुमी घासा. मी सांगतो तसं घासा, दोन तासांत व्हतंय."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. हॉटेलात चार-पाच लॉरीवाले बसले होते. कुणी उठलं नाही. त्यानं घड्याळ पाहिलं, मला एक शिवी दिली आणि बाह्या वर केल्या. मी पेपर भिजवून त्याच्या हातात दिला आणि सावलीत बाज टाकून बसलो.

तो घासायला लागला. चैत्राचं ऊन होतं. पांढरं पाणी त्याच्या कोपरावरून लुंगीवर गळत होतं.

"गोल नका फिरवू," मी म्हणालो. "सरळ घ्या. खालनं वर."

"असं?"

"दाब द्या."

हॉटेलातले लॉरीवाले बघायला लागले. एकजण म्हणाला, "मालकालाच कामाला लावलंय की कारागिरानं." बाकीचे हसले. वीरण्णानं मान वळवली नाही. मला ते हसू गोड लागलं. खोटं कशाला सांगू? चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता, मानेवरून घाम चालला होता, आणि मी ते नजर न हलवता बघत होतो.

पण पेपर जिथून जात होता तिथले गोल पुसले जात होते. खालचे गेले. कमरेच्या उंचीचे गेले. तेही मला दिसत होतं, आणि तरी मी म्हणत होतो, "अजून घासा. चमक येईस्तोवर घासाय लागतंय."

तासाभरानं तो थांबला. तोंड लाल झालं होतं. हात गुडघ्यावर टेकून म्हणाला, "पाणी दे रे जरा."

"चमक आल्यावर," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्यानं हॉटेलाकडं हात केला. शिवम्मा तांब्या घेऊन निघालीच होती. मी म्हणालो, "अक्का, मागं फीर."

ती थांबली नाही. माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "त्या दिशी ह्या वीरण्णानं मागं फीर म्हणलं आन मी तांब्या घिऊन मागं फिरले. आज तू म्हणायलास. मी दोनदा न्हाई फिरायची."

तिनं वीरण्णाला पाणी दिलं. तो घटाघटा प्याला. मग म्हणाला, "कोणत्या दिशी? काय म्हणायली ही?"

शिवम्मा माझ्याकडं बघत उभी राहिली. मला उठावं लागलं.

"ह्या डब्याची चमक कशानं गेली, ठाऊक हाय का तुमाला?" मी विचारलं.

"एका बाईनं घालवली. वीट लावून घासला खुळीनं. कंपनीच्या टायमाला."

"मग तुमी काय केलं?"

"काय करणार? घासाय लावलं तिलाच दिवसभर." तो थोडा हसला. मग त्याचं हसू कमी झालं. त्यानं हातातल्या पेपरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुझी कोण लागती ती?"

"बायको."

त्यानं लुंगीला हात पुसले. मग हळूच विचारलं, "बरी हाय का आता?"

मी त्या प्रश्नाची तयारी केली नव्हती. तो नाही म्हणेल, भांडेल, पैसे काढेल, सगळ्याला उत्तर ठेवलं होतं. त्याला माहीतच नव्हतं. चार वर्षं मी ज्याला मनात शिव्या घालत झोपलो, त्याच्या लेखी ती बाई घासून घरी गेली होती.

"मेली," मी म्हणालो. "तिसऱ्या दिशी."

त्यानं पेपर बादलीत सोडला. "मला कुणी सांगितलं न्हाई," म्हणाला. तो पुन्हा म्हणाला, "काशाप्पा, आईची आण, मला कुणी सांगितलं न्हाई." मग काय करावं ते न कळून त्यानं पुन्हा बादलीत हात घातला, पेपर काढला आणि उरलेल्या भागाकडं वळला. वरच्या लांब रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. तो उंच होता, त्याचा हात तिथं सहज पुरत होता.

मी त्याचं मनगट धरलं आणि पेपर काढून घेतला.

"सरका," मी म्हणालो.

त्या रेघांवर त्याचा हात फिरावा असं मला वाटलं नाही. मी पाणी मारलं. पहिल्या रेघेवर पेपर ठेवला. भांडं घासतीस तसं घास, असं मीच सांगितलं होतं. मग पुसायचंही मीच. मी दाब दिला नाही. हलक्या हातानं, खालून वर, एकेक रेघ घेतली. खांदा माझा दुखत नव्हताच.

"नाव काय व्हतं तिचं?" वीरण्णानं मागून विचारलं.

मी पेपर फिरवत राहिलो.

त्यानं पुन्हा विचारलं. मग शिवम्माला विचारलं, "अक्का, नाव काय त्या बाईचं?" शिवम्मानं रिकामा तांब्या उचलला आणि ती आत गेली.

तो तिथंच उभा राहिला, ओल्या लुंगीत, हात दोन्ही बाजूंना सोडून. माझी बाज सावलीत रिकामी होती. बस म्हणून त्याला कुणी म्हणालं नाही.