जात्याची तळी

“मावशी, आधी तुमी बसा. तुमच्याच डोक्यातून निघालेली गोष्ट हाय,” म्हणत दगड वाहून ओटा बांधणाऱ्या कडूबानं गोजरबाईला हाताला धरून नव्या ओट्यावर आणलं.

ती बसली आणि टेकवलेल्या हाताला दगडातलं भोक लागलं. खाली पाहिलं तर जात्याचा खालचा दगड, फुटकी तळी, कडेला टवका उडालेली. तिच्याच जात्याची होती.

दगड तिनंच सुचवले होते. सल्ला द्यायला बाई कायम पुढं. एक्याऐंशी साली तलाव झाला आणि जुनं गाव पाण्यात गेलं. आता हिवाळ्यात तिथं लांबचे पक्षी उतरत, जालन्याहून माणसं बघायला येत. गावानं जाळी आवरली, शिकारी हुसकले. ऊसतोडीला जाणारी पोरं पाहुण्यांना काठ दाखवायला थांबली. पाहुण्यांसाठी ओटा बांधायचं ठरलं तेव्हा हीच म्हणाली होती, “दगडं इकत कशाला आनता? उन्हाळ्यात पानी उतरलं की जुनं गाव उघडं पडतं. घ्या की गाडीत घालून.”

म्हणताना तिच्या मनात भिंती होत्या, उंबरे होते. गावाबाहेर लिंबाखाली ठेवलेली तळी ध्यानातच आली नाही.

त्या तळीखाली तिची लेक होती. बारशाआधीच गेली, म्हणून हाक मारायला नावही नव्हतं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून नवऱ्यानं तळी वर ठेवली होती. दर उन्हाळ्यात गोजरबाई चिखल तुडवत जाई, तळी पुसून वाटीभर दूध ठेवून येई. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

त्याच दुपारी ती आटलेल्या तलावात उतरली. गाळावर नुसत्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. लिंब केव्हाच कुजून गेला होता. इथं असेल की तिथं, करत ती फिरत राहिली. शेवटी मधेच खाली बसली आणि पोट धरून रडली.

“मावशी, काई हरपलं का?” ती परतताना कडूबानं विचारलं.

सांगितलं असतं तर त्यानं तेव्हाच पहार आणली असती. पण तळी न्यायची कुठं? शिवाय पोरगं जन्मभर मनाला लावून घेईल, हे ती जाणून होती.

“न्हाई रं. चप्पल रुतल्ती,” ती म्हणाली.

हिवाळ्यात पाहुणे येऊ लागले. गोजरबाई सगळ्यांच्या आधी येऊन ओटा झाडायची आणि कडेच्या त्या तळीवर तांब्याभर पाणी ओतायची. कुणी तिथं टेकायला लागलं की पाहुण्यांच्या चहासाठी मांडलेल्या चुलीपासूनच म्हणायची,

“तिथं नका बसू, बाई. ओलं हाय अजून.”