चार दहांची ओळ

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. वहीतली नव्हे, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली. पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात राहते. माझ्या अंगावर चार वेळा दहा लिहिलेला आहे आणि एक चिन्ह. बस, एवढाच माझा देह.

मला रोह्याच्या स्वप्नालीने लिहिलं. ती इथला कॉम्प्युटर सांभाळायची. तिने मला ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं ती मोठी मजेची. एकेक आकडा चिवडत बसायचं नाही, अख्खी रांग एका दमात उचलायची. माझं काम मूर्तीच्या नंबरातले अंक सुटे करणं. ४२०७ आला की ४, २, ०, ७. पहिला अंक उंची सांगे, दुसरा बैठक, उरलेले दोन रंग. त्यावरून चिठ्ठी निघे आणि कारागिराकडे जाई. मालक हर्षदशेठ पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत.

स्वप्नाली बाळंतपणाला निघाली तेव्हा म्हणाली, "शेठ, चार दहा म्हणजे चारच अंकांची जागा. नंबर वाढला तर एक दहा वाढवा. नायतर ही सुरुवातीचा अंक सोडून देते, आणि ओरडत पण नाय."

"व्हय गो, तू नीट जा," शेठ म्हणाले. आणि विसरले.

तोवर इथे फक्त प्लास्टरच्या मूर्ती होत. मग शेठनी शाडूच्या मातीचा विभाग काढला. त्यासाठी जिते गावच्या इंदुबाई आल्या, दुसरीकडचं कायमचं काम सोडून. शाडूची खूण म्हणून नंबराच्या सुरुवातीला एक लागला. १४२०७. पण माझ्याकडे पाचवी जागा कुठे होती? मी ४, २, ०, ७ दिले. तो एक गळून गेला. शाडूची प्रत्येक मागणी प्लास्टरवाल्यांकडे गेली.

इंदुबाई माती भिजवून बसत. ओलं फडकं घालत, काढत, परत घालत. दाराशी येऊन विचारत, "मिथुन बाला, आज पण चिठ्ठी नाय?"

स्वप्नालीच्या जागेवर आलेला मिथुन एजंटांकडून आलेले मूर्तींचे नंबर नुसते कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. तो नकाराची मान हलवी.

शेवटी शेठ म्हणाले, "इंदुबाय, शाडूला मागणीच नाय गो. मशीनला काय तुझ्याशी वैर हाय?"

"मशीनला नसंल," त्या म्हणाल्या. मातीचे हात धुतले आणि गेल्या.

गिऱ्हाईकं मूर्ती न्यायला आली तेव्हा बोंब झाली. "शाडूची सांगितली, ही काय दिलीत?" शेठनी शिव्या मला दिल्या. स्वप्नालीला रोह्याहून बोलावलं. कडेवर लेक घेऊन ती आली, नुसतं बघितलं आणि खालचा ओठ चावला. "सांगून गेले होते ना, शेठ." लेकीने कीबोर्डवर हात मारला, तिने तो हळूच बाजूला केला आणि मला पाचवा दहा दिला.

इंदुबाईंना निरोप गेला. त्या डोलवीला ठेकेदाराकडे झाडूकामाला लागल्या होत्या. "परत फडकी ओली करत बसू?" एवढंच त्यांनी कळवलं.

मित्रांनो, वाढत्या लेकराचं झबलं आपण दर सणाला अंगाला लावून बघतो. माझ्यासारखीलाही तसंच वाढत्या नंबराला लावून बघत जा. मला ओरडता येत नाही.

आता मी पाचही अंक नीट देते. शाडूच्या चिठ्ठीवर अजून इंदुबाईंचंच नाव छापून येतं. ती कोणी उचलत नाही.