‘मागे’चे बटण

मित्रांनो, मी एक जुना इन्स्टॉलर आहे. कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवताना एकेक पान दाखवत, विचारत विचारत तुम्हाला नेतो, तो मी. माझ्या प्रत्येक पानाखाली दोन बटणे आहेत, ‘मागे’ आणि ‘पुढे’. ‘पुढे’वर सगळ्यांचे बोट जाते. ‘मागे’ बिचारे नव्या नवरीसारखे कोपऱ्यात बसून असते.

मला घडवले पांढुर्ण्याच्या दिपालीने. तिचे सासरे पुंडलिकराव पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढे खड्या आवाजात म्हणायची खटकेबाज कवने, म्हणत. त्यांनी ‘हर बोला’ म्हटले की बैलसुद्धा कान टवकारत. ते थकले तेव्हा दिपालीने त्यांच्या झडत्या त्यांच्याच आवाजात भरून घेतल्या आणि त्या जपायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो बसवणारा मी. नदीपलीकडच्या सावरगावच्या लोकांनीही आपापल्या झडत्या जपायला तो नेला. माझे कौतुक झाले आणि खरे सांगतो, मी फुगलो.

पुढे पुंडलिकराव गेले. प्रोग्राम सुधारताना दिपाली मला दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर सारखी चालवून बघे. दर वेळी कोरी सुरुवात हवी, म्हणून तिने ‘जुना संग्रह पुसा’ या चौकटीत आधीच टिक लावून ठेवली. काम संपले, पण टिक काढायची राहिली.

पोळ्याच्या सकाळी तिचा नवरा गजेंद्र, झडत्या ठेवलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर सुधारलेला प्रोग्राम बसवायला, मला चालवायला बसला. दिपाली पुरणात अडकलेली. गजेंद्रच्या आईने, शकुबाईंनी, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावले. नवरा गेल्यानंतरचा हा पहिला पोळा. त्यांना त्याचा आवाज ऐकायचा होता.

गजेंद्र ‘पुढे, पुढे’ करत सुटला आणि मध्येच थबकला. “माय, मागच्या पानावर कायची तरी टिक लागून होती. पाहून येतो जरा.” त्याचे बोट ‘मागे’वर गेलेही.

“नोको रे गजू! सणाचं काम करून राह्यला, मांगं नोको फिरू,” शकुबाई म्हणाल्या.

शुभकामाला निघालेले माणूस आपल्याकडे मागे फिरत नाही. गजेंद्रही फिरला नाही. मला सगळे ठाऊक होते, पण पानावर जे लिहिलेले नाही ते मला बोलता येत नाही. मी मुकाट्याने पुसत गेलो, हिरवी पट्टी भरत गेलो आणि शेवटी झोकात लिहिले, ‘अभिनंदन! काम यशस्वी झाले.’

“लाव आता तुह्या बाबाची झडती,” म्हणत शकुबाई पदर सावरून बसल्या. यादी रिकामी होती.

दुसरी प्रत कुठेच नव्हती. ज्या मोबाइलवर आवाज भरला, तो केव्हाच बिघडून गेला होता. दिपाली पुरणाच्या हातांनीच धावत आली. “टिक माह्याच हातची आहे,” ती रडत म्हणाली.

“मीनं पाहून घ्याले पायजे होतं,” गजेंद्र म्हणाला.

शकुबाई म्हणाल्या, “त्याले फिरू कोनं नाही देल्लं? मीच ना.”

तिघांनी अपराध वाटून घेतला. माझा वाटा कोणी मागितला नाही, तो अजून माझ्यापाशीच आहे.

दिपालीने मग मला दुरुस्त केले. आता ती चौकट मोकळी असते आणि पुसण्याआधी मी थांबून विचारतो. ‘अभिनंदन’ तिने काढूनच टाकले. बरे झाले, मला तो शब्द दाखवताना लाज वाटली असती.

मित्रांनो, जिवाची वस्तू दोन ठिकाणी जपून ठेवा. वाचल्याशिवाय ‘पुढे’ दाबू नका आणि मनात शंका आली तर सणाच्या दिवशीसुद्धा खुशाल मागे फिरा.

यंदाच्या पोळ्याला गजेंद्र मला पुन्हा चालवत होता. शकुबाई शेजारी बसल्या होत्या. “मांगं जाय रे गजू, पाहून घे एकडाव,” त्या म्हणाल्या. तो मागे गेला. चौकट मोकळी होती. पुसण्यासारखेही काही उरले नव्हते.