दुसऱ्या ओळीतला श्वास

आधी श्वास यायचा, मग पावलं, मग मालनसिस्टर. आखातातल्या फहाहील शहरातल्या आमच्या इमारतीचे तीन जिने चढताना त्यांच्या छातीतून एक बारीक सूर निघे, फुटक्या बासरीत वारा शिरावा तसा. आणि त्या दाराशी पोचण्याआधीच तो सूर माझ्या खोलीत येऊन बसलेला असे. त्याच्यामागून इस्पितळाच्या फिनेलचा वास, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या युनिफॉर्मवरचा तपकिरी स्वेटर, ज्याची एक गुंडी कायम वेगळ्या रंगाची. पण हा श्वास पुढचा, तेलविहिरींच्या धुरानंतरचा. त्यांची माझी ओळख झाली तेव्हा त्या गुणगुणत चढत, आणि तिसऱ्या मजल्यावर ओळ संपे तेव्हा त्यांच्यापाशी दम शिल्लक उरलेला असे.

माझी शाळा चौथीत सुटली. मी मालवणकडचा सुतार; रंध्याखालचं लाकूड काय आणि लेखणीखालचा कागद काय, रेघ सरळ पाहिजे एवढंच मला कळतं. हे जे चार जड शब्द मी इथे वापरतो आहे ते त्यांच्या गाण्यांतून उतरवता उतरवता माझ्या हाताला लागले, डोक्यात शिरले की नाही ते माहीत नाही. त्यांच्या पेटीचा भाता फाटला होता, तो मी चामडं लावून नीट करून दिला, आणि तिथून आमचा धंदा सुरू झाला. माझ्या कंपनीच्या साहेबाने मोडीत काढलेलं हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र मी खोलीवर आणलं. एका पानावर एक गाणं, वर शब्द, खाली सरगम. सिस्टर गात, मी मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीने उतरवी, दांडा फिरवी, आणि शुक्रवारी बाजारात तेलकंपन्यांतली आपली माणसं ती पानं भाजीच्या पिशवीतून घेऊन जात.

सिस्टर मिरजेच्या. वडील, म्हणजे त्यांचे अण्णा, तंबोऱ्याच्या भोपळ्यांना रंग देत. सिस्टरांच्या हातातही तोच हलकेपणा उतरला होता. डावा हात भात्यावर असा चाले की जणू आजारी मुलाच्या पाठीवरून फिरतो आहे. उजव्याची बोटं पट्ट्यांवर न पडता उतरत. दुपारी समुद्राकडच्या खिडकीतून जो खारट, पांढरा उजेड येई तो त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर थांबे, आणि डोळे मिटून त्या गात तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलायचं थांबलं असं मला वाटे. अण्णांनी स्वतः रचलेलं एकच गाणं त्यांनी सोबत आणलं होतं, संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाचं. त्याची दुसरी ओळ लांबलचक, खालून वरच्या षड्जापर्यंत एका दमात चढणारी. ती ओळ गाताना सिस्टर मला आमच्या गावच्या घाटीची, त्या उभ्या चढाच्या वाटेची, आठवण करून देत. वर पोचेपर्यंत बसायचं नाही.

लढाईत गाण्यांच्या पानांना गिऱ्हाईक मिळतं असं सांगितलं तर लोक हसतात. हसोत. मी ते बघितलं आहे. परकं सैन्य शहरात होतं ते सात महिने आम्ही दोघं इथेच राहिलो. त्यांना इस्पितळ सोडवेना, मला माझी हत्यारं. नंतर सैन्य गेलं, पण जाताना वीजही गेली आणि तेलाच्या विहिरी पेटलेल्या राहिल्या. टेपरेकॉर्डर मुके झाले, कॅसेटवाल्यांची दुकानं बंद, सेल औषधालाही मिळेनात. तेव्हा माणसांना कळलं की गाणं तोंडानेच म्हणायचं तर ते पूर्ण यायला हवं. वफ्राच्या शेतांवर राहिलेले, दुरुस्तीच्या कामांवर परत आलेले, सगळे पानं मागू लागले. कोरा कागद नव्हता, म्हणून मी कंपनीचे रद्द नकाशे कापले. पुढे गाणं, पाठीमागे कुठल्यातरी न बांधलेल्या घराचा जिना. त्या उन्हाळ्यात आम्ही जेवढी पानं काढली तेवढी आधी कधी काढली नव्हती, आणि एवढे थकलोही कधी नव्हतो.

अशाच एका दुपारी सूर्य धुरामागे तांब्याच्या जुन्या पैशासारखा मळका झाला होता. दोन वाजता मेणबत्ती लावावी लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी, जिभेवर काजळी. सिस्टर दुहेरी ड्यूटी करून आल्या होत्या, पण म्हणाल्या, आज अण्णांचं घ्या. आमचा नियम ठरलेला होता: गाण्यात जिथे थांबायचं तिथे पोकळ टिंब. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, चढणीच्या ऐन अर्ध्यात, त्या थांबल्या. भाता थांबला. मग एक श्वास आला, ओढून आणलेला, विहिरीतून रिकामी घागर वर यावी तसा, आणि ओळ पुढे गेली. मी टिंब काढलं. सुंदर, गोल. मग खालून इस्पितळाच्या गाडीने हॉर्न दिला, आणि सिस्टर पान न तपासताच गेल्या.

दोन शुक्रवारांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा माझ्या खोलीत बंद खिडक्यांआड पंचवीसतीस माणसं बसून ते गाणं म्हणत होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सगळी एकदम थांबली, एकदम श्वास घेतला, आणि पुढे गेली. सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. माणसं पांगल्यावर पान माझ्यासमोर धरलं.

"ओ मेस्त्री, हितं टिंब कुणी घातलं?"

"तुमी थांबल्यात, मी घातलंय. नियम तुमचोच."

"थांबले नव्हते ओ मी. धाप लागली होती मला!"

"कागदाक धाप काय कळता?"

"कागदाला नाही कळत, माणसाला कळतं. अण्णा ही ओळ एका दमात म्हणायचे. त्यांच्या गाण्याला भोक पाडलंत तुम्ही. काढा ते."

मेणाचा कागद यंत्रावरच होता. चूक बुजवायच्या लाल औषधाचा एक थेंब लावला असता तर टिंब बुजलं असतं. माझा हात बाटलीकडे गेलाही होता. पण त्या पुढे म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाकडं दिलं असतं तर त्यानं एकदा विचारलं तरी असतं."

"मगे शिकलेल्याकडेच जावा," मी म्हणालो. "मी काढूचंय नाय."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं, खटका न वाजवता. जिना उतरताना त्यांचा श्वास वाजत नव्हता. त्यांनी तो धरून ठेवला असणार. मी खिडकीशी गेलो नाही. माझ्या कामात कोणी चूक काढलेली मला उभ्या जन्मात खपली नाही, आणि ही चूक तर माझ्या मते चूकच नव्हती. मी ऐकलं ते लिहिलं. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. माणूस बरोबर असला की त्याला एवढं सांगावं लागत नाही.

त्या परत आल्या नाहीत. बाजारात एकदोनदा दिसल्या, मासळीच्या दुकानाशी पदराने नाक झाकून उभ्या. मी रस्ता बदलला. पुढे छाती फारच धरली म्हणून नोकरी सोडून मिरजेला गेल्या, आणि तिथे एका थंडीत वारल्या, हे मला त्यांच्या वॉर्डमधल्या दुसऱ्या नर्सने सांगितलं. शेवटी ऑक्सिजनच्या नळीतूनही काही गुणगुणायच्या म्हणे. काय, ते मी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी यंत्र पुसलं, तेल दिलं, आणि त्यावर चादर टाकली.

मग सरहद्दीपलीकडे दुसरी लढाई सुरू झाली. पुन्हा भोंगे, पुन्हा खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. वफ्रात टोमॅटोच्या काचघरांवर काम करणारा शांताराम एका सकाळी माझ्याकडे आला. बारा वर्षं खिशात, ट्रंकेत, उशीखाली राहून घड्यांवर फाटलेलं अण्णांच्या गाण्याचं पान त्याने काढलं. पाठीमागे तो जिना होता.

"मेस्त्रीकाका, हेचे झेरॉक्स काढून देवा. नवीन इलेल्यांका पाठ नाय."

पान मी ठेवून घेतलं. टेबलाशी बसून किती वेळ बघत होतो कोण जाणे. ते टिंब तसंच होतं, गोल, माझ्या हातचं. ते काढणं म्हणजे त्यांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट बारा वर्षं उशिराने देणं; न काढणं म्हणजे त्यांचा जगातला शेवटचा ऐकू येणारा श्वास सांभाळणं. पण तो श्वास त्यांनी मला दिला नव्हता. मी तो उतरवून घेतला होता, न विचारता. व्हाइटनरची बाटली हलवली. थेंब बरोबर जागी पडला. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो, आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रती काढून आणल्या.

शुक्रवारी सगळे जमले. बाहेर आकाश वाळूच्या धुरळ्याने पिवळं झालेलं. नव्या माणसांच्या हातात नवी पानं, जुन्यांच्या हातात काहीच नाही. पहिली ओळ गेली. दुसरी चढू लागली, आणि तिच्या ऐन मध्यावर शांताराम थांबला, त्याच्याबरोबर सगळे जुने थांबले, छात्या भरल्या. नवे कागदाकडे बघत पुढे निघून गेले, अडखळले, मागे वळून पाहू लागले. दुसऱ्या फेरीला तेही थांबले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझाही श्वास तिथेच आला, मला न विचारता.

कागदावरचं टिंब मी काढलं, सिस्टर. तुम्ही सांगितलं होतं, मी काढलं. गळ्यांतलं मला काढता आलं नाही. मी आता फार काही मागत नाही. पण संध्याकाळी कुठे जिना चढताना अर्ध्यावर दम लागतो आणि मी कठड्याला धरून उभा राहतो, तेव्हा मला वाटतं, माणूस गेलं की काळ त्याच्या जागी एक बारीक गोल काढतो, आत काही लिहीत नाही, आणि पुढची ओळ उचलतो.