गेलेल्या माणसाचा अर्ज

कमरोद्दीनच्या पाणचक्कीला लाखेचं सील लागलं. सध्या ते लागलंच नाही असं धरून चालू, म्हणजे सांगायला सोपं जाईल.

शहरातली पाणचक्की मोठी. तिच्यापुढं हौद आहे, लोक ती बघायला येतात. आमची हर्सूलच्या पुढं दोन कोसांवर, ओढ्याच्या पाटावर. तिला बघायला कुणी येत नसे, दळायला येत. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अॅक्शननंतर तेही थांबलं. कमरोद्दीनशी कुणाचं वाकडं नव्हतं. पण त्याच्या दारात उभं दिसलं तर कोण कुठं नाव देईल, याचा नेम नव्हता. बाया घरीच जातं ओढू लागल्या.

त्या दिवसांत सरकारी कस्टोडियनची माणसं यादी घेऊन फिरत. ज्या दाराला कुलूप, तो मालक पाकिस्तानात गेला, मालमत्ता ताब्यात. फुलंब्रीकडचा एक जण लेकीच्या बाळंतपणाला खुलताबादेत गेला आणि बारशाआधी देश सोडून गेलेला निघाला.

हे ऐकून कमरोद्दीनची झोप उडाली. चक्की बंद दिसता कामा नये. धान्य नव्हतं, पण पाणी होतं. त्यानं चक्की रिकामीच सोडली. दगडावर दगड रिकामा फिरवू नये, हे त्याला बापानं शिकवलं होतं. पण बापाच्या वेळी कस्टोडियन नव्हता. ठिणग्या उडायला लागल्या, दगडाचे टवके फटाफट पत्र्यावर आपटू लागले. चौथ्या दिवशी ठाण्यात खबर गेली, की चक्कीत रझाकार बंदुका चालवून बघतायत.

बंद ठेवली तर पाकिस्तान, चालू ठेवली तर गोळीबार. त्याची बायको अनवरीभाभी म्हणाली, जरा हळू चालवा. पाण्याला ते सांगता येईना.

भरदुपारी शेजारच्या द्वारकाबाईंना शेतातून जीप दिसली. अॅक्शनच्या वेळी त्यांनी कमरोद्दीनला तीन दिवस ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं आणि येईल त्याला ‘तो गेला’ म्हणून सांगितलं होतं. त्यावर तो वाचला होता. औषध लागू पडलेलं होतं, म्हणून त्यांनी तेच पुन्हा दिलं. कमरोद्दीन कणगीत, वर सूप.

पेट्रोल वाचावं म्हणून एकाच जीपमधून दोघं आले होते. फौजदार बंदुकीसाठी, आणि कस्टोडियनचा कारकून यादीसाठी. द्वारकाबाईंचं औषध फक्त पहिल्यावरचं होतं.

चक्कीत बंदूक सापडली नाही. फौजदारानं टवके पुडीत बांधले आणि सावली म्हणून सगळे द्वारकाबाईंच्या ओसरीवर आले. गावात मलाच लिहिता येत होतं, म्हणून पंचनाम्याला मी बसलो. मालक कुठाय, असं फौजदारानं विचारलं.

“नाय सायेब. गेला.”

“कुठं?” हे कारकुनानं विचारलं.

द्वारकाबाई खुलताबादच्या पलीकडं कधी गेल्या नव्हत्या. “लई लांब,” त्या म्हणाल्या.

कारकुनाचा चेहरा उजळला. लिही, म्हणाला. मी अनवरीभाभीकडं बघितलं. खरं सांगावं, तर लपलेला माणूस गुन्हेगारच, आणि हर्सूलचा जेल जवळच. न सांगावं, तर चक्की गेली. मी टाक दौतीत बुडवला, तेवढ्यात कणगी शिंकली.

“उंदीर,” द्वारकाबाई म्हणाल्या.

फौजदार कणगीकडं बघत राहिला. अनवरीभाभीनं भिंत धरली. ओसरीवर कुणी श्वास घेत नव्हतं, कणगीतही नसावं.

“मांजर पाळा,” फौजदार म्हणाला.

मी लिहिलं: मालक पाकिस्तानात गेला. जाताना कारकुनानं चक्कीला लाखेचं सील लावलं.

जीप गेल्यावर कमरोद्दीन बाहेर निघाला. भुवयांवर ज्वारीची धूळ. “काय लिहिलंस?” मी सांगितलं. तो कणगीला टेकून बसला.

“मग मी आता कुठंय?”

अनवरीभाभीनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग तुकडा मोडला. आपल्या घरी जायला तो तयार होईना. तिथं दिसला तर पंचनामा खोटा, आणि त्यावर सही माझी. म्हणून अर्जही मीच लिहिला:

‘अर्जदार कमरोद्दीन वल्द शमसोद्दीन, धंदा पाणचक्की, हा सरकारी दप्तरानुसार पाकिस्तानात गेला असून सध्या द्वारकाबाईंच्या कणगीत आहे. तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदारास पाकिस्तानातून स्वतःच्या घरी, अंतर सुमारे चाळीस पावलं, पायी परत येण्याचा परवाना द्यावा. आणि तो मिळेपर्यंत त्यास तिथून इथंच राहण्याची मुभा असावी, ही नम्र विनंती.’