सबीहाच्या मोडेमचा वेग

देऊळघाटात सबीहाच्या नेटच्या दुकानाला लोक एके काळी ‘किरकिरं दुकान’ म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांना तिने अजून माफ केलेलं नव्हतं. फोनच्या तारेला मोडेम जोडायचा, त्याची किरकिर संपेपर्यंत बसून राहायचं, मग कुठे मलकापूरचा कापसाचा भाव पडद्यावर उतरायचा. गावात नेट म्हणून होतं ते तेवढंच. आता तिथे फायबर होतं आणि खुर्चीत तिची लेक मलिहा.

“अम्मी, माह्या एका लाइनीत तुहे मोडेम किती बसतीन?” मलिहा चिडवायची.

“दोन-अडीच हजार,” सबीहा ऐटीत सांगायची. “पण त्या एकावरच तुले कॉलेजात धाडलं म्या.”

त्या वर्षी कापसाने घात केला. बीटीला अळी लागत नाही, हे गावाने इतकी वर्षं ऐकलं होतं की आता हिरव्यागार बोंडात अळी निघाली तरी डोळ्यांवर विश्वास बसेना. जो तो जे मिळेल ते फवारत सुटला. फवारता फवारता माणसं दगावल्याच्या बातम्या पेपरात रोज येत होत्या.

अशातच जयमाला धापा टाकत दुकानात आली. तिचा नवरा भागवत याने तीन औषधं एकत्र कालवून पंप भरला होता. ना हातमोजे, ना तोंडाला फडकं.

“कृषीवाल्या सायबाले फोन केला, भाभी. ते म्हणे, अळी पाह्यल्याबिगर सांगता येत नाही. न् आमचा माणूस म्हणते, साहेब नाही म्हणतीन तरच पंप ठेवतो, न् वाट पाह्यतो तेबी अर्धाच तास. पाठवा न हा अळीचा व्हिडिओ!”

नेमकं सकाळीच रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडलं होतं. मोबाइलवर नेटच्या जागी जुन्या, संथ नेटचा नुसता ‘ई’ दिसत होता.

“नेट मेलं हाये, काकी,” मलिहा म्हणाली.

सबीहाने जयमालेचा फोन ओढून घेतला आणि वेग पाहिला. चाळीस किलोबिट. तिचा चेहराच उजळला. “मेलं कुठं वं? हा त माह्या मोडेमचा वेग हाये!”

मलिहाने तोंडी हिशोब केला. साठ एमबीचा व्हिडिओ, वेग चाळीस. “पंचवीस मिनिटं. होऊन जाईन.”

“आठपट धर. वेग मोजतेत सुट्ट्या दाण्याईनं, म्हंजे बिटनं, न् फाइल आठ-आठ दाण्याच्या पुडीनं, म्हंजे बाइटनं. सव्वातीन तास लागतीन. सांजची मगरिबची अजान होईन, तरी तुहा व्हिडिओ वाटंतच राहीन.”

मलिहाला आजवर हा हिशोब करायची वेळच आली नव्हती. फायबरच्या शंभर एमबीच्या वेगात आठाची चूक कोणाला दिसते? सबीहाने व्हिडिओ बाजूला सारला. त्यातलं एकच चित्र धरलं, फोडलेल्या बोंडाचं. आभाळ कापलं, जयमालेचा हात कापला, पानं कापली. उरली अळी आणि तिच्या भोवतीचं बोंड. मोडेमच्या दिवसांत ती असंच करायची: लागेल तेवढंच ठेवायचं, बाकी सगळ्याला कात्री. चित्र साठ केबीवर आलं.

“आता बारा सेकंद,” ती म्हणाली. जयमालेच्या फोनवरून चित्र निघालं, आणि तेवढ्यात भागवतचा फोन आला. घंटी वाजताच नेट थांबलं आणि अर्ध्यात गेलेलं चित्र तिथेच अडकलं.

पूर्वी कोणी मधेच रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं, आणि सबीहा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची. भागवतचा फोन उचलून तो आवाज तिने आज परत लावला. “भागवत! ह्या फोनवर आता घंटी वाजली त तुह्याच जिवाचा निरोप तुटीन! गुपचूप बस!”

भागवतने फोन ठेवला. तिने चित्र पुन्हा सोडलं. चित्र गेलं.

थोड्या वेळाने साहेबांचाच फोन आला. “गुलाबी बोंडअळी. आत शिरली आहे, आता वरून फवारून मरणार नाही. फवारू नका. किडकी बोंडं तोडून नष्ट करा.”

जयमालेने नवऱ्याला फोन लावला. आधी तो कुरकुरला, एवढं औषध कालवलेलं फुकट जाईल म्हणाला. शेवटी म्हणाला, “ठेवला पंप खाली. घरी येऊन राह्यलो.”

जयमाला खुर्चीत बसली आणि रडू लागली. सबीहाने तिला जवळ घेतलं. तिचा स्वतःचा ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि तो अभिमान तिने लपवलाही नाही.

मलिहाने दुसरी खुर्ची आईजवळ ओढली. “अम्मी,” ती म्हणाली, “तो आठाचा हिशोब मले पुन्हा सांग.”